ताराबाईंचे अंगण

१९९२ सालच्या उन्हाळ्यात डहाणू तालुक्यातल्या एका पाड्यावर मी बालवाडीची इमारत बांधली. म्हणजे नकाशा माझा होता, देखरेख माझी होती आणि उद्घाटनाच्या दिवशी शाल-श्रीफळही मलाच मिळाले. बावीस फूट लांब, सोळा फूट रुंद अशी एक खोली. विटांच्या भिंती, सिमेंटचा गिलावा, वर स्लॅब, समोरासमोर दोन-दोन खिडक्या. आतून पोपटी रंग आणि त्यावर चितारलेले ससे, बदके, आगगाडी. आजूबाजूच्या कुडाच्या घरांमध्ये ती इमारत नव्या कोऱ्या पत्र्याच्या डब्यासारखी उठून दिसत होती. मला तिचा अभिमान वाटला होता, हे कबूल केले पाहिजे.

ऑक्टोबरच्या अखेरीस दुसऱ्या एका कामासाठी त्या बाजूला गेलो, म्हणून वाट वाकडी करून पाड्यावर डोकावलो. इमारतीच्या दाराला बाहेरून कडी. कडी काढून पाहतो तो आत गवताचे भारे आणि खताच्या गोणी. मुले पलीकडच्या एका घराच्या अंगणात आंब्याखाली बसली होती. त्यांची ताई म्हणजे त्याच पाड्यावरची सातवी शिकलेली मुलगी. मला पाहून ती कावरीबावरी झाली. दहा वाजल्यानंतर आत बसवत नाही, मुले घामाने निथळतात, बाहेरचे काही दिसत नाही म्हणून रडतात आणि धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन आलेल्या मुली दारातच घुटमळून परत जातात, असे तिने तुटक तुटक सांगितले. त्यात तक्रार नव्हती. माझ्या इमारतीचे मन दुखावेल की काय, अशी काळजी मात्र होती.

मी आत गेलो, दोन गोणी सरकवल्या आणि जमिनीवर बसलो. इमारत ज्यांच्यासाठी बांधली त्यांच्याइतके होऊन तिच्यात बसून पाहावे, हे मला तोवर कोणी शिकवले नव्हते. खिडकीचा खालचा काठ, ज्याला आम्ही सिल म्हणतो, जमिनीपासून तीन फुटांवर होता. हे माप टेबल-खुर्चीच्या हिशेबाने ठरलेले आहे आणि आम्ही ते डोळे मिटून सगळीकडे वापरतो. तीन वर्षांचे मूल उभे राहिले तरी जेमतेम तीन फूट. खाली बसले की त्याचे डोळे दोन फुटांच्याही आत. वारा येत होता, पण तो माझ्या डोक्यावरून एका खिडकीतून दुसरीकडे निघून जात होता. खालची हवा जागची हलत नव्हती. मुलांना जे दिसत असेल ते मलाही दिसले : पोपटी भिंत, तिच्यावरचे ससे आणि वर आभाळाची एक चौकट. आणि डोक्यावर स्लॅब! सकाळपासून ऊन पिऊन तो हळूहळू तापतो आणि मग ती ऊब खाली सोडत राहतो, सूर्य मावळला तरी सोडत राहतो.

त्याच्या महिनाभरच आधी, सप्टेंबरमध्ये, अनुताई वाघ गेल्या होत्या. वर्तमानपत्रांत त्यांच्यावर लेख येत होते आणि प्रत्येक लेखात अनुताईंच्या मागे आणखी एक नाव येत होते, ताराबाई मोडक. आमच्या पिढीला हे नाव पाठ होते, पण चौकाला किंवा सभागृहाला दिलेली नावे पाठ असतात तसे. त्या कोण, त्यांनी नेमके काय केले, हे मला सांगता आले नसते. अंगणवाडी हा शब्द त्यांच्या कामातून आला, हे वाचले तेव्हा मी पाड्यावरच्या त्या आंब्याखाली जाऊन पोहोचलो. तेव्हापासून जमेल तसे ताराबाईंविषयी वाचत आलो. मी शिक्षणातला माणूस नव्हे. त्यामुळे त्यांचे आयुष्य मी माझ्या धंद्याच्या नजरेने वाचले : या बाईने मुलांना कुठे कुठे बसवले?

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ चा, मुंबईतला. आईवडील, उमाबाई आणि सदाशिवराव केळकर, प्रार्थना समाजाचे. घर सुधारकांचे, त्यामुळे मुलीने शिकावे की नाही हा प्रश्नच नव्हता. १९१४ साली त्या बी. ए. झाल्या. त्या काळात पदवीधर मराठी मुली किती होत्या याची वाचकांना कल्पना असेलच. पुढच्या वर्षी अमरावतीचे वकील कृ. वि. मोडक यांच्याशी विवाह झाला. संसार काही वर्षांतच मोडला आणि १९२१ च्या सुमारास लहानग्या प्रभाला घेऊन त्या वेगळ्या झाल्या. या भागाविषयी मला अधिक लिहायचे नाही. रत्नाकर मतकरींनी त्यांच्या जीवनावर नाटक लिहिले त्याचे नाव ‘घर तिघांचं हवं’. ज्यांना त्या घराविषयी विचार करायचा आहे त्यांनी ते नाटक वाचावे. मी एवढेच म्हणेन की पुढे ज्या बाईने हजारो मुलांना बसायला जागा दिली, तिच्या स्वतःच्या डोक्यावरचे छप्पर तिशीच्या आतच गेले होते.

राजकोटला बार्टन ट्रेनिंग कॉलेजच्या प्राचार्या म्हणून त्यांनी नोकरी धरली. पद मानाचे, पगार चांगला. ती सोडून १९२३ साली त्या भावनगरला गेल्या, गिजुभाई बधेकांकडे.

गिजुभाई मूळचे वकील. स्वतःच्या मुलाच्या शिक्षणाचा विचार करता करता ते माँटेसरीच्या पुस्तकांपाशी आले आणि वकिली सुटली. ‘दक्षिणामूर्ती’ या संस्थेत त्यांनी १९२० साली बालमंदिर सुरू केले, आणि १९२२ मध्ये भावनगरच्या तख्तेश्वर टेकडीवर बालमंदिराची स्वतंत्र वास्तू उभी राहिली. तिचे उद्घाटन कस्तुरबांच्या हस्ते झाले. भरघोस मिशांच्या या माणसाला गुजरात ‘मूछाळी मा’, म्हणजे मिशाळ आई, म्हणून ओळखतो. सौराष्ट्रातल्या उन्हात टेकडीवरची जागा निवडणे ही गोष्टच बोलकी आहे. टेकडीवर वारा असतो. शाळा म्हणजे अंधारी ओसरी आणि छडी, ही समजूत ज्या काळात पक्की होती त्या काळात मुलांसाठी मोकळी, उजेडाची, त्यांच्या उंचीच्या सामानाची जागा करणे हेच एक बंड होते.

इथे थोडे विषयांतर करतो. माँटेसरीबाईंचे पहिले बालगृह ६ जानेवारी १९०७ रोजी रोममध्ये सान लोरेन्झो नावाच्या कामगार वस्तीत सुरू झाले, ते एका चाळवजा इमारतीच्या खोलीत. कारण असे की इमारतींची नुकतीच डागडुजी झाली होती, आईबाप कामावर गेले की मागे राहिलेली पोरे जिन्यात आणि भिंतींवर धुमाकूळ घालत, आणि दुरुस्तीचा खर्च वाचवायला त्यांना एका खोलीत कोणी सांभाळलेले मालकांना परवडणारे होते. म्हणजे बालशिक्षणातली एवढी मोठी क्रांती सुरू झाली ती इमारतीच्या देखभालीच्या खर्चातून! आम्हा बांधकामवाल्यांना तेवढेच समाधान.

भावनगरला ताराबाई नऊ वर्षे राहिल्या. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला, ‘शिक्षणपत्रिका’ निघू लागली, शिक्षिका तयार करण्याचे काम सुरू झाले. १९३२ मध्ये त्यांनी भावनगर सोडले. मराठी ‘शिक्षणपत्रिका’ त्यांनी पुढे चालवली आणि १९३६ साली दादरच्या हिंदू कॉलनीत शिशुविहार सुरू केले. शिशुविहाराची कीर्ती मी नव्याने सांगायला नको. पांढरपेशा कुटुंबांत मुलाला मारू नये, त्याच्या हाताने त्याला जेवू द्यावे, हे जे आज साधे वाटते ते तिथून घराघरांत गेले. ताराबाईंनी तिथेच थांबायचे ठरवले असते तरी त्यांचे नाव राहिले असते.

पण एक गोष्ट त्यांना टोचत असावी, असे त्यांच्या पुढच्या पावलावरून दिसते. माँटेसरी पद्धतीचे साहित्य महाग. लाकडी दट्टे, मनोरे, मण्यांच्या माळा, सगळे ठरलेल्या मापाचे. ते ठेवायला कपाटे हवीत, कपाटांना खोली हवी, खोलीला भाडे, भाड्याला फी. एकेक वस्तू एकेका भिंतीला ओढून आणते आणि शेवटी त्या भिंतींच्या आत येऊ शकतात ती फी भरणाऱ्यांचीच मुले. १९३७ च्या वर्धा परिषदेनंतर गांधीजींच्या नयी तालीमची चर्चा देशभर चालू होती. खेड्यातल्या मुलाचे शिक्षण त्याच्या गावाला परवडणारे असले पाहिजे, हा त्यातला आग्रह ताराबाईंना मनापासून पटला. शहरात नाव झालेले असताना, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, त्या बोर्डीला गेल्या. १९४५ च्या डिसेंबरात तिथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू झाले. सोबत होत्या अनुताई वाघ, मोरगावच्या, बालपणीच वैधव्य आलेल्या, रात्रशाळेत शिकून इंग्रजी घेऊन मॅट्रिक झालेल्या.

बोर्डी हे समुद्रकाठचे गाव. घोलवड स्टेशनवर उतरायचे, मग चिकूच्या वाड्यांमधून रस्ता. आचार्य भिसे यांच्यासारख्या ध्येयवादी शिक्षकांमुळे तिथली शाळा नावाजलेली होती. पण गाव म्हणजे काही फक्त शाळा आणि चिकूवाड्या नव्हेत. ज्या वर्षी ताराबाई आल्या त्याच वर्षी, १९४५ मध्ये, याच उंबरगाव-डहाणू पट्ट्यात वारली आदिवासी वेठबिगारीविरुद्ध गोदावरी आणि शामराव परुळेकरांच्या नेतृत्वाखाली उठले होते. ऑक्टोबरात तलवाड्याला गोळीबार झाला होता. अशा मुलुखात बाहेरून आलेल्या दोन शिकलेल्या बायका सांगू लागल्या की तुमची मुले आमच्याकडे पाठवा. कोण पाठवणार?

कोणी पाठवली नाहीत. गावात बालवाडी सुरू झाली तेव्हा आली ती बरीचशी गावातली मुले. हरिजनवाड्यातली आणि आदिवासींच्या वाड्यांवरची मुले आली नाहीत. याची कारणे शोधायला फार लांब जावे लागत नाही. अंतर होते. अंगावर कपडा नव्हता. गावाच्या मध्यवस्तीतल्या त्या जागेचा उंबरा आपल्यासाठी नाही, हे तीन वर्षांच्या मुलालाही माहीत होते. आणि सगळ्यांत मोठे कारण म्हणजे आई मजुरीला गेली की धाकटे मूल मोठ्या मुलीच्या कडेवर असे. ती शाळेत आली तर त्याला कुठे ठेवणार?

इथे माझ्यासारख्याने काय केले असते? वाड्यावर आणखी एक इमारत सुचवली असती. देणगी मिळेपर्यंत दोन वर्षे, बांधायला एक वर्ष. ताराबाईंनी केले ते असे की बालवाडीच उचलून वाड्यावर नेली. सेविका सकाळी वाड्यावर जायची, मुलांना गोळा करायची, त्यांना अंघोळ घालायची, नखे कापायची, केस विंचरायची आणि जे अंगण मिळेल त्या अंगणात बसवायची. मध्यवर्ती बालवाडी एक, आणि अशा अंगणातल्या वाड्या अनेक. अंगणवाडी हा शब्द तिथला. एका सोयीचे ते नाव होते. पुढे ते सबंध देशात जाईल, असे तेव्हा कोणाच्या मनातही आले नसेल.

साहित्याचेही तसेच झाले. लाकडी मण्यांच्या जागी बिया आल्या. शंख, शिंपले, वाळूतले खडे, पाने, काड्या यांनी मोजणे, निवडणे, लहान-मोठे लावणे होऊ लागले. माँटेसरीचा मूळ विचार, म्हणजे मुलाच्या हातांना आणि इंद्रियांना काम देणे, तो जागच्या जागी राहिला. कपाट मात्र गेले. कपाटाबरोबर खोली गेली.

मी हे पहिल्यांदा वाचले तेव्हा त्यात मला गरिबीतला नाइलाज दिसला होता. मग एकदा पाड्यावरच्या त्या आंब्याखाली सकाळभर बसलो आणि अंगण ही किती विचारपूर्वक घडलेली जागा आहे ते ध्यानात आले. वारल्यांचे घर पाहा. कारवीच्या काठ्यांचा कूड, त्याला दोन्ही बाजूंनी माती-शेणाचे लिंपण. भिंत पातळ, त्यामुळे ऊन धरून ठेवत नाही. आपली विटांची भिंत रात्रीपर्यंत धुमसत असते. भिंत आणि छप्पर यांच्यामध्ये फट, तिच्यातून वर गेलेली गरम हवा निघून जाते. छप्पर गवताने जाड शाकारलेले. समुद्रकाठच्या दमट हवेत माणसाला गारवा मिळतो तो वाऱ्याने घाम सुकला तर. म्हणून इथे जाड भिंतींपेक्षा वाऱ्याची वाट महत्त्वाची. सोलापूर-नगरकडच्या कोरड्या हवेत जाड मातीच्या भिंती आणि धाब्याची घरे जे करतात, ते इथे चालत नाही. आणि घरापुढे सारवलेले अंगण. सकाळी त्याच्या एका बाजूला घराची सावली, ऊन वर आले की दुसऱ्या बाजूला झाडाची. सावली सरकेल तशी ताई मुलांना सरकवते. जागचे न हलता ऊन अडवील अशी इमारत बांधण्यासाठी आम्ही छज्जे काढतो, जाळ्या बसवतो, सूर्याचे कोन मोजतो. अंगणात शाळाच सावलीबरोबर चालते.

त्याची देखभालही घरची बाई करते. तिचे ते अंगण आहे, ती सारवणारच. माझ्या इमारतीची पहिल्या पावसात गळलेली पन्हळ कोणी दुरुस्त करायची, याची चर्चा संस्था आणि ग्रामपंचायत यांच्यात चालूच राहिली. टिकाऊ बांधकाम म्हणजे किती वर्षे टिकणारे, हे आम्ही सिमेंटच्या प्रतीवरून सांगतो. देणगी संपल्यावर कोण त्याला आपले म्हणणार, हा प्रश्न आमच्या नकाशात कुठे येत नाही.

१९५७ च्या सुमारास केंद्र बोर्डीहून कोसबाडच्या टेकडीवर गेले, थेट आदिवासींच्या वस्तीत. पुन्हा टेकडी! भावनगरच्या टेकडीवर पहिल्यांदा पाऊल ठेवले तेव्हा ताराबाई एकतीस वर्षांच्या होत्या, आता पासष्टीच्या. अनुताईंनी ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ या पुस्तकात पुढची हकीकत लिहिली आहे; ती मुळातून वाचण्यासारखी आहे. इथे अडचण नवीन होती. थोडी मोठी मुले गुरे राखायला जात. शाळेची वेळ आणि गुरांची वेळ एकच, आणि गुरे सोडून शाळेत येणे घराला परवडणारे नव्हते. तेव्हा शिक्षिकाच कुरणावर जाऊ लागल्या. गुरे चरत, मुले झाडाखाली शिकत. ही कुरणशाळा. अंगणाला निदान एका बाजूला घराची भिंत असते. कुरणाला तीही नाही.

दिवसा काम करणाऱ्यांसाठी रात्रशाळा आली. आणि मग ताराबाईंनी जे केले ते मला सगळ्यांत महत्त्वाचे वाटते. भिंती एकेक करून काढून टाकल्यावर त्यांनी पुन्हा एक आवार मांडले. त्याचे नाव विकासवाडी. त्यात पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र. आपल्याकडे या तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या खात्यांच्या, वेगवेगळ्या फाटकांच्या, वेगवेगळ्या वेळांच्या. ताराबाईंनी त्या एकत्र आणल्या त्याचे कारण ती कडेवरच्या भावंडाची मुलगी. धाकट्याला पाळणाघरात ठेवून ती वर्गात बसू शकते. तो रडला तर तिला कळते. मूल बालवाडीतून शाळेत जाते तेव्हा त्याला अनोळखी जागी जावे लागत नाही, पलीकडेच जायचे असते. एका आठ वर्षांच्या मुलीची अडचण ध्यानात घेऊन सगळा आराखडा बेतलेला. आमच्या अभ्यासक्रमात इमारतीचा वापर करणारा म्हणून असे कोणी कधी आले नव्हते.

इथे मला एक गैरसमज दूर करायचा आहे. ताराबाई इमारतीच्या विरोधात होत्या, झाडाखाली बसवले की झाले, असे सांगणारे लोक मला भेटले आहेत. सरकारी खर्च वाचवण्यासाठी तर हे फारच सोयीचे. पण या किनाऱ्यावर चार महिने पाऊस असा कोसळतो की अंगण म्हणजे डबके होते. त्या चार महिन्यांत छप्पर पाहिजेच. पिण्याचे पाणी पाहिजे, संडास पाहिजे, खाऊ शिजवायला आणि धान्य ठेवायला कोरडी जागा पाहिजे. ज्या बाईने दादरला आणि कोसबाडला संस्था उभ्या केल्या तिला हे माहीत नसेल? त्यांनी क्रम बदलला, एवढेच. आधी मूल कुठे आहे ते पाहायचे, त्याच्याबरोबर कोण आहे ते पाहायचे, मग सावली, मग वारा, मग पाणी. भिंत सगळ्यांत शेवटी, आणि तीही लागेल तेवढीच.

१९६२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्या गेल्या. अनुताईंनी पुढे जवळजवळ दोन दशके कोसबाडचे काम चालवले. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि तिच्या केंद्रांना नाव मिळाले अंगणवाडी. आज देशात तेरा लाखांहून अधिक अंगणवाड्या आहेत. मराठी न कळणाऱ्या राज्यांतही हा शब्द रोजच्या बोलण्यात आहे. त्याचा अर्थ काय, हे तिथे किती जणांना ठाऊक असेल? पोषण आहार, लसीकरण, वजनाची नोंद यांनी असंख्य मुले वाचली आहेत. ते श्रेय मोठे आहे आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. पण कामानिमित्त मी पाहिलेल्या कितीतरी अंगणवाड्या भाड्याच्या अंधाऱ्या खोलीत, समाजमंदिराच्या कोपऱ्यात, नाहीतर माझ्या त्या डब्यासारख्या स्लॅबच्या खोलीत भरत होत्या. दारावर पाटी अंगणवाडीची, आणि पायरीखाली थेट रस्ता.

माझ्या इमारतीचे पुढे काय झाले ते सांगायला हवे. दोन वर्षांनी, १९९४ मध्ये, संस्थेकडे थोडे पैसे शिल्लक होते आणि माझ्याकडे थोडी लाज. ताईला विचारून काम काढले. एका बाजूच्या खिडक्यांखालच्या भिंती फोडल्या आणि सिल जमिनीपासून वीतभर उंचीवर आणली, पुढे लाकडी गज. आता बसलेल्या मुलाला बाहेरची कोंबडी दिसते आणि वारा त्याच्या पोटाला लागतो. स्लॅबवर बांबूंचा मांडव करून उन्हाळ्यापुरत्या झावळ्या घालायचे ठरले. स्लॅब आणि झावळ्या यांच्यामध्ये हातभर मोकळी जागा, म्हणजे ऊन वरच्या वर अडते आणि मधून वारा वाहतो. सगळ्यांत मोठे काम पडवीचे. आठ फूट खोल, मंगलोरी कौलांची, पश्चिमेच्या बाजूला. बालवाडी सकाळी भरते, तेव्हा पश्चिमेला इमारतीचीच सावली असते. दुपारी ती पडवी भिंतीचे ऊन अडवते. पाऊस त्याच अंगाने येतो, म्हणून वळचण खाली आणली आणि पावसाळ्यात बांधायला झावळ्यांचे तट्टे केले. पडवीपुढे अंगण. ते सारवायला कोण येणार हे मी विचारले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो तेव्हा ते सारवलेले होते.

पडवीचे वासे चढत असताना ताई सुताराशी काहीतरी हुज्जत घालत होती. जवळ जाऊन ऐकले तर तिला मधली तुळई जाड हवी होती आणि तिच्यावर दोन ठिकाणी दोर अडकवायला खाचा हव्या होत्या. नकाशात तसे काही नव्हते. कशाला, असे मी विचारले. तिने माझ्याकडे जरा आश्चर्याने पाहिले आणि अंगणाच्या कडेला बोट दाखवले. तिथे दोन मुली उभ्या होत्या, दोघींच्या कडेवर एकेक मूल. झोळ्या कुठे टांगायच्या, हे आम्ही ठरवलेच नव्हते. सुताराने तुळई बदलली.